डब्यावरचं नाव

पांढुर्णा
१३ मार्च १९८६

चि. सौ. उषा हिस काकूचे आशीर्वाद.

काल संध्याकाळी चौरागडाहून परत आले. महाशिवरात्रीचे चार दिवस तिकडेच होते. पाय अजून भरलेले आहेत. तुझे काका होते तेव्हा दरवर्षी त्रिशूळ खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायचे. आता पाच वर्षं मी त्यांच्या चष्म्याची डबी नेते, महादेवापुढे ठेवते आणि परत आणते. देऊन टाकवत नाही.

आज दवाखान्यात कामावर गेले आणि मागच्या खोलीची मांडणी आवरायला घेतली, तर तुझा तीन खणांचा डबा! झाकणावर 'उषा दिलीप कळंबे, मामीकडून' असं टाकलेलं. मी चाळिशीत अक्षरं शिकले तीही औषधाच्या बाटल्यांवरून, त्यामुळे कुठे नाव दिसलं की वाचल्याशिवाय सोडत नाही. लग्नातली भांडी काय, घरोघरी फिरतात. तुझ्याकडून कोणी नेला असेल आणि इथं विसरलं असेल. डबा घासून श्रावणाजवळ देते आहे. तो सौंसरच्या बसवर कंडक्टर आहे, घरपोच देईल. सोबत ही चिठ्ठी.

दिलीपरावांचं भिलाईहून पत्र येतं का? जाऊबाईंना आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी
नलिनी काकू

---

सौंसर
१८ मार्च १९८६

गं. भा. नलिनी हिस आशीर्वाद.

तू उषाला लिहिलेली चिठ्ठी मी वाचली. या घरात येणारं प्रत्येक पत्र आधी मी वाचतो, हे तुला ठाऊक आहे.

तुमच्या दवाखान्याची मागची खोली कशासाठी आहे, हे मला मुकुंदानेच, तो हयात असताना, एकदा सांगितलं होतं. गर्भ काढायला आलेल्या बायकांना तिथं ठेवतात. त्या खोलीत माझ्या सुनेचा डबा कसा आला?

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी वत्सला आणि उषा बोरगावला, वत्सलाच्या भावाकडे म्हणून गेल्या. तीन दिवसांनी आल्या. उषाला विचारलं तर मान खाली घालून उभी. वत्सला म्हणते, 'ती माझ्यासोबत होती, एक मिनिट नजरेआड झाली नाही.' सासूने सुनेची इतकी बाजू घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली. म्हणूनच संशय बळावला.

दिलीप दिवाळीनंतर घरी आलेला नाही. याचा अर्थ तुला लिहून सांगायला नको.

मी हेडमास्तर आहे. गावातली चारशे पोरं माझ्या शब्दावर चालतात. उद्या हे बाहेर फुटलं तर मी शाळेत कोणत्या तोंडाने उभा राहू? मला बोभाटा करायचा नाही. तुमच्याकडे अशा बायकांचं रजिस्टर असतं. त्यात त्या तीन दिवसांत उषाचं नाव आहे का, एवढंच पाहून कळव. उलट टपाली उत्तर हवं.

दत्तात्रय

---

पांढुर्णा
२२ मार्च १९८६

तीर्थस्वरूप भाऊजी यांस नलिनीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. आधी माझी चूक कबूल करते. डबा मी पाठवायला नको होता, आणि पाठवला तरी तो कुठे सापडला हे लिहायला नको होतं. कोणाचं भांडं हरवू नये एवढाच विचार केला. या दवाखान्यात कोण येऊन गेलं हे बाहेर जाऊ न देणं आमचं काम, आणि मी ते कंडक्टरच्या हाती घरपोच धाडलं. ही चूक माझी आहे, उषाची नाही.

आता रजिस्टराचं. ते आहे. डॉक्टर विजयाबाई स्वतःच्या हाताने लिहितात आणि लोखंडी कपाटात ठेवतात. त्या आठवड्यातून दोन दिवस नागपूरला असतात, तेव्हा किल्ली माझ्या कमरेला असते. म्हणजे मी ते पाहू शकते. पण पाहणार नाही.

ते रजिस्टर गुप्त ठेवायचं असा कायदाच आहे. डॉक्टरबाईंनी मला तो कागद वाचायला दिला होता. दोन दिवस लागले, पण वाचला. कायद्याने मागितल्याशिवाय ते कोणाला दाखवता येत नाही. नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही, बापाला नाही. आणि बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. मीसुद्धा ते वाचून आधी चकित झाले होते.

मी रजेवर होते. त्या दिवसांत कोण आलं मला माहीत नाही. सोबतच्या आयांनाही सांगितलं आहे की मला काही सांगू नका.

उषाशी नीट बोला. ती वीस वर्षांची पोर आहे.

तुमची
नलिनी

---

सौंसर
२८ मार्च १९८६

गं. भा. नलिनी हिस आशीर्वाद.

होळी झाली. आमच्या घरी या वर्षी पुरण शिजलं नाही.

तू मला कायदा शिकवतेस. ठीक. मी तुला सोपं करून देतो. कोण आलं होतं ते मला नको. कोण आलं नव्हतं तेवढंच सांग. 'उषाचं नाव नाही' एवढे तीन शब्द पोस्टकार्डावर लिही. यात कोणाचं गुपित फुटत नाही. नसेल तर पोर सुटेल, मी तिची क्षमा मागेन. आणि तू लिहिलं नाहीस तर मी समजायचं ते समजेन.

उषा बोलत नाही. वत्सलाने देवासमोर दिव्यावर हात धरून सांगितलं की सून निर्दोष आहे. हात पोळला, पण मग त्या खोलीत कोण होतं, हे तिला सांगता आलं नाही. मी दिलीपला तार केली आहे. पाडव्याला उषाला सावरगावला तिच्या मामाकडे पोचवायचं ठरवलं आहे. परत आणायचं की नाही ते दिलीप ठरवेल.

तुमच्या ट्रस्टचे देवीदासजी माझ्या ओळखीचे आहेत, हे विसरू नकोस. मुकुंदा गेल्यावर त्याच्या जागी तुला घ्या म्हणून त्यांच्याकडे कोण गेलं होतं, तेही आठव. तुला मूलबाळ नाही. घराण्याचं नाव म्हणजे काय ते तुला कळणं कठीण आहे, म्हणून रागावत नाही.

दत्तात्रय

---

पांढुर्णा
२ एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप भाऊजी यांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी देवीदासजी दवाखान्यात आले. तेव्हा दोघांनाही एकाच पत्रात उत्तर देते.

डॉक्टरबाई नागपूरला होत्या. देवीदासजी कपाटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चाबी द्या."

मी म्हटलं, "चाबी डॉक्टरबाईची हाये जी. मी फक्त जपून राहिली."

"दवाखाना कोनाचा?"

"ट्रस्टचा."

"कपाट कोनाचं?"

"तेबी ट्रस्टचं."

"मंग रजिस्टर काय तुमच्या बापाचं हाये?"

"माह्या बापाचं नाई, तुमच्याबी नाई. ज्या बाईनं नाव सांगतलं, तिचं हाये. कोर्टाचा कागद आना, डॉक्टरबाई उघडतीन."

ते हसले. "वा! तुमी तर वकीलच झाल्या."

"वकील झाली असती तर तुमी बसा म्हनलं असतं. मी उभीच हावो सकाळपासून."

सगळा वॉर्ड ऐकत होता. एक बाळंतीण खोकल्याचं निमित्त करून हसली. त्यांनी मला वॉर्डातून काढून कपडे धुवायच्या हौदावर लावलं आहे. रक्ताचे कपडे मी आधीही धुतले आहेत. किल्ली मागितली तेव्हा मी सांगितलं, ज्यांनी दिली त्यांच्याच हातात देईन.

आता तुमच्या तीन शब्दांचं.

भाऊजी, खोटं कशाला बोलू, मी कपाटापर्यंत गेले होते. किल्ली कुलपात घातली होती. वाटलं, पाहावं, नाव नसेल तर पोरीला सोडवावं. मग विचार केला. आज मी तुम्हाला 'उषा नाही' लिहिलं, तर उद्या दुसरा सासरा येईल. त्यालाही तीन शब्द हवे असतील. त्याच्या सुनेचं नाव असलं आणि मी गप्प राहिले, तर त्याला उत्तर मिळालंच की. एकीसाठी 'नाही' म्हटलं की दुसरीसाठी गप्प बसणं म्हणजे बोट दाखवणं. म्हणून मी कोणासाठीच काही म्हणणार नाही. जी आली तिच्यासाठी नाही आणि जी आली नाही तिच्यासाठीही नाही. किल्ली काढून घेतली.

माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही लावाल तो तुमचा. माझा नाही.

तुम्ही आठवण दिलीत, तर मीही देते. हे पत्र तुम्हीच उघडाल हे माहीत आहे म्हणून लिहिते. यांच्या तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर तुम्ही अंगणात रडलात आणि मला सांगितलंत की चौसष्ट साली तुम्हाला क्षय झाला होता. वर्षभर मुकुंदा डब्याच्या खालच्या खणात औषध घालून आणायचा, म्हणालात. शाळेत कळलं असतं तर नोकरी गेली असती. मी तेव्हा त्यांची नवी बायको. डबा मीच भरून द्यायचे, ते खालचा खण रिकामा ठेवायला सांगायचे आणि मी चिडायचे. सतरा वर्षं एका चुलीपाशी राहून मला त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा कोणी त्यांना म्हटलं असतं, 'दत्तात्रयचं नाव नाही एवढंच लिही', तर तुम्हाला काय हवं होतं?

त्यांच्या जागेवर मला घेतलं ते तुमच्या शब्दाने, खरं आहे. त्या जागेवर ते जसं वागले तसं मी वागते आहे.

मूलबाळ नाही, तेही खरं. ते तुम्ही लिहायला नको होतं.

पाडव्याला उषाला बाहेर काढणार असाल तर एवढं करा. तिच्या मामाचं घर जाम नदीच्या पलीकडे, माझं अलीकडे. तिने कुठे उतरायचं ते तिला ठरवू द्या. माझ्याकडे एक खोली, दोन खाटा आहेत. तिने काय केलं, काय नाही, हे मी तिला विचारणार नाही.

आणि पाकिटावर 'गं. भा.' लिहीत जाऊ नका. पोस्टमन दारात उभा राहून मोठ्याने वाचतो. मी विधवा आहे हे मला रोज सकाळी उठल्यावर कळतं. नलिनी मुकुंद कळंबे एवढं लिहिलं तरी पत्र पोचतं.

तुमची
नलिनी

---

सौंसर
५ एप्रिल १९८६

ती. नलिनी काकूंस उषाचा नमस्कार.

हे पत्र श्रावणभाऊंच्या हातात देते आहे. पोस्टात टाकायला दिलं असतं तर आधी सासऱ्यांच्या टेबलावर गेलं असतं.

तुमचं पत्र मामाजींनी वाचून टेबलावर तसंच टाकलं, तिथून मी वाचलं. शेजारच्या कलाबाई काल आईंना म्हणाल्या, "लपवाचं काही नसतं तं तुमच्या जावेनं नाई म्हनून लिवलं नसतं काय?" सगळे तेच म्हणून राहिले. तुम्ही लिहिलं नाही म्हणजे मी गेलेच असणार.

काकू, मला राग आला होता तुमचा. एक रात्र आला होता. मग गेला. तुम्ही लिहू नका. मामाजी स्वतः येऊन पाया पडले तरी लिहू नका. ते कपाट उघडू नका, माझ्यासाठीसुद्धा नको.

पाडव्याला मी येईन. दोन खाटा आहेत म्हणालात, एक मला द्या. मला स्वयंपाक येतो, शिवण येतं.

आईंची मला काळजी वाटते. त्यांचा हात अजून बरा झाला नाही आणि त्या त्याच हाताने भाकरी थापतात.

तुमची
उषा

---

पांढुर्णा
७ एप्रिल १९८६

चि. सौ. उषा,

श्रावण परत निघाला आहे म्हणून घाईत लिहिते. खाट आवरून ठेवली. त्यावर यांची पुस्तकं होती, ती खाली ठेवली.

तू जे केलंस ते तू विचार करूनच केलं असशील. मला त्याचा हिशोब देऊ नकोस, कोणालाच देऊ नकोस. मान खाली घालून उतरू नकोस बसमधून. मी स्टँडवर असेन.

जाऊबाईंच्या हाताला खोबरेल लावू नका. दवाखान्यातलं मलम पाठवते आहे.

काकू

---

सौंसर
१२ एप्रिल १९८६

नलिनी,

हे मी वत्सला लिहून राहिली. दचकू नको. उषानं मले वर्षभरात शिकवलं, दुपारी, हे शाळेत असले की. सगळ्या गावाच्या पोराले शिकवनाऱ्या मानसानं घरात कधी पाटी आनली नाई. हे माहं पहिलं पत्र हाये. उषा बाजूले बसली हाये, पन तिले मी एक अक्षर सुधारू देत नाई.

पाडव्याले तू स्टँडवर वाट पाहत राहिली असशीन. उषा आली नाई. कान धरून माफी मागतो.

सकाळी गुढी उभी झाली. उषाची पिशवी दाराशी होती. दिलीप रात्रीच भिलाईहून आला होता, तो ओट्यावर डोकं धरून बसला. हे म्हनाले, "बस साडेदहाची आहे."

मी म्हनलं, "मंग मलेबी तिच्यासोबतच धाडा."

"तू कशाला?"

"रजिस्टरात नाव माहं हाये."

दिलीपनं धरलेलं डोकं वर केलं.

त्रेचाळीस वर्षाची बाई मी. घरात सून आलेली. धाकट्या सुमनच्या बाळंतपनात मी मरता मरता वाचली, तवाच डॉक्टरनं सांगतलं होतं, आता पुन्हा नको. तरी दिवस गेले. कोनाले सांगू? ह्यांले सांगतलं असतं तं पंचांग पाहिलं असतं. उषाले सांगतलं. ती म्हने, "आई, चला, मी येतो संग." बोरगावचं नाव सांगून आमी पांढुर्ण्याले उतरलो. डबा तिनं तिचाच भरून आनला, माह्यासाठी मऊ खिचडी. निघताना मले चक्कर आली, तिनं मले धरलं, डबा राहून गेला.

डॉक्टरबाईनं मले खुर्चीवर बसवलं आन विचारलं, "तुमचं मन काय आहे?" पंचवीस वर्षात मले हे कोनी विचारलं नाई. मी आधी रडली. मंग सांगतलं. तिनं लिवून घेतलं, मले वाचाले देल्लं. मी वाचलं. मंग सही केली. अंगठा नाई, सही.

ओट्यावर हे म्हनाले, "माझी परवानगी?"

मी म्हनलं, "लागत नाई. नलिनीनं तुमाले लिवलं हाये ना. तुमी वाचलं नाई काय?"

"मी नवरा आहे तुझा."

"हो ना. म्हनूनच तं दिवस गेले."

दिलीप उठून मागच्या अंगनात गेला. मले वाटते तो हसत होता. का रडत होता, देव जाने.

हे ओट्याच्या कडेले बसले. मंग हळूच म्हनाले, "तुला काही झालं असतं तर?" मी म्हनलं, "होऊ नये म्हनूनच गेली होती." मंग उषाची पिशवी ह्यायनंच उचलून आत नेली. क्षमा मागीन म्हनले होते ना तुले? तोंडानं नाई मागतली. पिशवी उचलली, तेवढंच. उषा म्हनते पुरे. मी म्हनतो पुरे नाई, पाहू.

आता तुह्यापाशी बोलतो. तू चौरागडले जाशीन ते दिवस पाहूनच मी आली. तू असती तं मले त्या खोलीत पाय टाकवला नसता. तू सतरा वर्ष मूल मागत होती, नलिनी. तुह्यासमोर मी कोन्या तोंडानं म्हनू, मले नको? तीन हप्ते उषा माह्यासाठी बोलनी खात राहिली आन मी दिव्यावर हात ठेवून अर्धंच खरं सांगतलं. भेव होतं. मंग तुह्यं पत्र मी चोरून वाचलं, ह्यांच्या टेबलावरून. अक्षर अक्षर लावून, तीन दुपारी लागल्या. तू कपाटापाशी जाऊन वापस आली. तुले माहीतबी नव्हतं का तू माहं नाव झाकून राहिली. मले लाज वाटली. तू एवढी उभी राहिली आन जिचं नाव हाये ते लपून बसली.

हे पाकीट मी ह्यांच्यासमोर चिकटवून पत्ता लिवाले देल्लं हाये. सांगतलं, उघडलं तं घरात भाकर मिळनार नाई.

डब्यात सांज्याच्या पोळ्या पाठवतो. तीन खन भरून.

तुही
वत्सला

---

पांढुर्णा
१६ एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप जाऊबाईंस नलिनीचा नमस्कार.

पाडव्याला मी साडेदहाच्या बसपासून शेवटच्या बसपर्यंत स्टँडवर होते. दर बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक पोरीकडे पाहत होते. मनात उषालाच दोषी धरून वाट पाहत होते, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. तिची खाट अजून तशीच आहे. सुट्टीत तिला चार दिवस पाठवा, मला तिच्यासमोर बसून हे कबूल करायचं आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अक्षरासाठी वाचलं. चांगलं वळण आहे.

वाईट वाटलं का म्हणाल, तर वाटलं. मी हौदावर कपडे धुताना थोडी रडले. तुमच्या बाळासाठी की माझ्या न झालेल्यासाठी, ते वेगळं काढता आलं नाही. पण जाऊबाई, मी असते तर तुमच्या उशाशी बसले असते. मला मूल हवं होतं म्हणून ते तुम्ही जीव देऊन वाढवावं, असं माझ्या मनात आलं नसतं. आलं असतं तरी तोंडातून काढलं नसतं. पुढच्या वेळी काही दुखलं तर मी असेन तेव्हा या.

डॉक्टरबाईंनी ट्रस्टला लिहून दिलं आहे की रजिस्टराची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर आहे आणि किल्ली कोणाकडे ठेवायची ते त्याच ठरवतील. देवीदासजी म्हणतात, विचार करू. तोवर मी सकाळी हौदावर असते आणि किल्ली कमरेला असते. ओला पदर लागून तिला गंज चढू नये म्हणून रोज तेलाचं बोट फिरवते.

तुमचं पाकीट आलं तेव्हा पोस्टमनने दारात नेहमीसारखं मोठ्याने वाचलं, "श्रीमती नलिनी मुकुंद कळंबे." अक्षर भाऊजींचं, ठसठशीत, शाळेच्या फळ्यावरचं. 'गं. भा.' कुठे नव्हतं. चिकटवलेली कड तशीच होती. मी ती उजेडाकडे धरून पाहिली. माझाही विश्वास इतक्यात बसत नाही, पण उघडलेली नव्हती.

पोळ्या वॉर्डात सगळ्यांनी खाल्ल्या. डबा घासून उद्या श्रावणाजवळ देते. या वेळी सोबत चिठ्ठी नाही. कुठून आला असं कोणी विचारलं तर तुम्ही सांगा, सांगावंसं वाटलं तर.

तुमची
नलिनी